शाबूत काच

१

काच फुटलेली नव्हती, आणि गुन्हा उघडकीला आला तो त्यामुळेच.

मामा खरं तर न्हाणीघराचं दार बघायला आले होते. भाचीच्या नवऱ्याने फोन केला होता की दार वरच्या कोपऱ्यात अडकतं, सुतार आज येतो उद्या येतो करतोय, तुम्ही येताय तर रंधा घेऊन या. मामांनी रंधा आणला नाही. त्यांनी पाणसळ आणली. चौकटीच्या माथ्यावर ती आडवी ठेवली, तर बुडबुडा सरळ एका टोकाला जाऊन बसला. दार फुगलं नव्हतं, चौकटच वाकडी झाली होती.

"राहू दे ते दार तसंच," आतल्या खोलीतून भाचीच्या सासूबाई म्हणाल्या. अर्धांगवायूनंतर त्या खाटेवरूनच घर चालवत होत्या. "अडकतंय म्हणून आत कुणी आहे ते तरी कळतं."

चौकट वाकडी का झाली हे शोधत मामा भिंतीच्या कडेने सरकत गेले. पॅसेजच्या टोकाला अडगळीचं कपाट होतं. त्यात डोकं घालून त्यांनी विजेरी लावली आणि ते तसेच गुडघ्यांवर थांबले.

कपाटातल्या भिंतीवर वरून खाली गेलेली एक फट होती. ती त्यांच्या ओळखीची होती. फटीवर आडवी, बोटभर लांबीची एक काचपट्टी दोन्ही टोकांना प्लॅस्टरच्या लपक्यांनी चिकटवलेली होती. तीही ओळखीची. फट जिवंत आहे की मेलेली, हे कळण्याचा हा सगळ्यात जुना उपाय. भिंतीचे दोन भाग एकमेकांपासून केसभर जरी सरकले तरी काच तडकते, कारण काचेला ताणता येत नाही. पट्टीवर कोरलेली तारीख पाच वर्षांपूर्वीची होती.

घरांचं मोल ठरवणं हा मामांचा तीस वर्षांचा धंदा. हे घर घेण्याआधी त्यांनीच ही फट मोजली होती. अर्धा मिलिमीटर. अहवालात लिहिलं होतं, "फट जुनी, हालचाल नाही, काच शाबूत." आणि भाचीला म्हणाले होते, घे. इमारत धडधाकट आहे, शेजारच्या मोकळ्या जागेवर मोठं संकुल होणार आहे, पाच वर्षांनी विकलंस तरी भाव उतरणार नाही.

त्यांनी खिशातून पारदर्शक कार्ड काढलं. त्यावर वेगवेगळ्या जाडीच्या रेघा छापलेल्या होत्या. एकेक रेघ फटीवर ठेवून बघितली. जाड, त्याहून जाड, आणखी जाड.

चार मिलिमीटर.

आणि वर काच अखंड.

त्यांनी लपक्याला नख लावलं तसा प्लॅस्टरचा एक तुकडा सुटून हातात आला. खाली भिंतीचा फिकट पिवळा रंग दिसला. काचेचं उघडं पडलेलं टोक दुधाळ आणि खरखरीत होतं. पकड यावी म्हणून घासलेलं दिसतंय, मामा मनात म्हणाले, काम करणारा डोकेबाज आहे. शेजारच्या जागेवरून पंपाची घरघर येत होती, ती आता त्यांना एकदम मोठी वाटली.

"जावईबापू," ते कपाटातून बाहेर येत म्हणाले, "ही काच कुणीतरी बदलली आहे."

जावई टायरच्या गोदामात कामाला होता. हात पंख्यासारखे रुंद, बोलणं मोजकं. तो जाऊन कराराचे कागद घेऊन आला आणि एका कलमावर बोट ठेवून उभा राहिला. विकणाऱ्याने ठाऊक असलेला इमारतीचा दोष लपवला असेल, तर ताबा घेतल्यापासून शंभर दिवसांत घर परत करून सगळी रक्कम मागता येईल.

"घर विकलं त्या मास्तरांनीच बदलली असणार," तो म्हणाला. "तुम्ही बघून गेलात आणि आम्ही ताबा घेतला, मध्ये महिना गेला. तेवढ्यात फुटली असेल आणि बदलली असेल. मामा, तुम्ही तसं लिहून द्या. आईचं घर विकून इथे आलोय आम्ही. हे घर बुडालं तर आईची खाट ठेवायला जागा नाही."

"किती दिवस झाले ताबा घेऊन?"

"एकोणनव्वद."

२

मास्तरांनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता. आता ते मुलीच्या घरी, जिन्याखाली काढलेल्या खोलीत राहत होते. कपाटावर पृथ्वीचा गोल, खाली स्टोव्ह, मध्ये खाट.

"मला चोर म्हणायला आलात की बसायला?" मामांचं बोलणं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं.

"दोन्हीसाठी."

"मग आधी बसा. उभ्याने कुणाला चोर म्हणू नये, पाय दुखतात."

मामा बसले. मास्तरांनी सांगितलं ते असं. पाच वर्षांपूर्वी इमारतीला बारीक फटी दिसल्या. इंजिनीयरने वीस ठिकाणी काचपट्ट्या लावायला सांगितल्या. मास्तरांच्या गॅलरीचं एक तावदान नुकतंच काढलेलं होतं, त्यातून त्यांनीच वीस पट्ट्या कापल्या, त्यांनीच तारखा कोरल्या. उरलेला तुकडा अजून जपून ठेवलेला होता.

"काच टाकवत नाही," ते म्हणाले आणि खाटेखालून कागदात गुंडाळलेला तुकडा काढून दिला.

मामांनी तो कडेने उजेडात धरला. जाड खिडकीची काच, कड बाटलीसारखी हिरवी. मग त्यांनी खरेदीआधी काढलेला फोटो फोनवर मोठा करून बघितला. त्यातल्या पट्टीची कडही तशीच हिरवी. आणि आज सकाळी काढलेल्या फोटोतली पट्टी पातळ होती. कडेला रंग नाहीच.

"ही माझी नाही," मास्तर चष्मा कपाळावर चढवत म्हणाले. "तारीख मात्र हुबेहूब काढलीय. चांगला विद्यार्थी आहे."

"तुम्ही किल्ली दिलीत त्या दिवशी तुमची काच तिथे होती?"

"होती."

"पुरावा?"

"माझा शब्द."

"मास्तर, शब्द बँकेला दाखवता येत नाही."

"ठाऊक आहे. म्हणून तर त्याचा भाव पडलाय." मास्तरांनी गोलाकडे नजर वळवली. "हे बघा, आलेलं सगळं मुलीच्या या घरात घातलं. परत द्यायचं तर हे छप्पर विकावं लागेल, आणि छप्पर माझ्या नावावर नाही. तुम्ही 'मास्तरांनी केलं' असं लिहिलंत तर माझी मुलगी दोन पोरांना घेऊन रस्त्यावर येईल. लिहायचं तर लिहा, पण हे कळून लिहा."

 मामा उठून दारापर्यंत गेले, तेव्हा मास्तरांनी मागून विचारलं,

"त्या इमारतीत काच शाबूत ठेवायची गरज मला एकट्यालाच होती, असं वाटतं का तुम्हाला? जिन्यातली पट्टी बघितलीत?"

३

जिन्यातली पट्टी नव्हतीच. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यांच्या मध्ये भिंतीवर प्लॅस्टरचे दोन लपके तेवढे उरले होते.

"चेंडू लागला," इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले.

"जिन्यात चेंडू?"

"पोरं हो. त्यांना काय, जागा लागते थोडीच."

सेक्रेटरींची कचेरी म्हणजे तळमजल्यावरची मीटरची खोली. एक टेबल, किल्ल्यांची फळी आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी, 'आपली इमारत, आपला अभिमान'. मामांनी काचांची नोंदवही मागितली. सेक्रेटरींनी ती आढेवेढे न घेता दिली. दर महिन्याला एक ओळ, 'सर्व काचा शाबूत'. साठ महिन्यांच्या साठ ओळी, अक्षर एक, शाईही एकच. गेल्या वर्षभराच्या ओळी तर एका बैठकीत लिहिल्यासारख्या एका तिरक्या रेषेत उतरलेल्या.

"तुम्ही प्रत्येक घरात जाऊन बघता?"

"मामा, बघितलं तर लिहावं लागतं."

हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की मामांना हसू आलं. सेक्रेटरीही हसले आणि खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावर माझी दोन घरं आहेत. दोन्ही विकायला काढलीत. तुम्ही या धंद्यातले, तुम्हाला काय सांगायचं. इमारतीच्या नावाला एकदा डाग लागला की तो माझ्या एकट्याच्या घराला लागत नाही, बावीस घरांना लागतो. तेव्हा तुम्ही जे शोधताय ते सापडू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. राग मानू नका."

मामांची नजर किल्ल्यांच्या फळीवर होती. नळ फुटला, कुणी गावाला गेलं, तर उपयोगी पडावी म्हणून प्रत्येक घराची एक जादा किल्ली इथे टांगलेली असते. ज्याच्या हाती ही फळी, त्याला बावीसही घरांत वाट मोकळी. कारण होतं, संधी होती, आणि माणूस लाजत पण नव्हता. मामांना वाटलं, प्रकरण इथेच मिटलं.

"चौथ्या मजल्यावर, भाचीच्या घरात तुम्ही कधी गेला होतात?" त्यांनी विचारलं.

"कसा जाणार?" सेक्रेटरींनी फळीकडे हात केला. एक खिळा रिकामा होता. "तुमच्या भाचीने किल्ली परत नेली. दीड महिना झाला असेल. म्हणाली, घराला नवा रंग दिलाय, उगाच कुणी आत-बाहेर करायला नको."

४

रंगारी एका शाळेच्या दर्शनी भिंतीवर, बांबूच्या परांचीवर उभा होता. मामांनी खालून विचारलं, त्याने वरून उत्तरं दिली. कामही थांबलं नाही.

"चौथा मजला? फिकट पिवळा. ताबा मिळाला आणि चारच दिवसांनी मी हात लावला. ताईंनी सहा पिवळे भिंतीवर लावून बघायला लावले होते. माझ्या डोळ्यांना सगळे सारखेच. म्हणाल्या, हा नको, तो नको, विकताना कुणालाही आवडेल असा हवा."

"कपाटात काचपट्टी होती?"

"होती की. जाड, हिरवट. तिच्यावर रंग उडू नये म्हणून कागद चिकटवून झाकली आणि बाजूने ब्रश फिरवला. मग कागद काढला. का?"

"काढून पुन्हा नाही ना लावली?"

"छे. कुणाच्या भिंतीवरची वस्तू मी काढत नाही."

"आणि फट केवढी होती?"

"फट कसली, केस होता. तुम्ही म्हणताय तेवढी असती तर मी आधी ती भरायचे वेगळे पैसे मागितले असते. सोडले असते होय मी?"

मामा रस्त्याच्या कडेला, रंगाच्या उपड्या डब्यावर बसले आणि त्यांनी थरांचा विचार केला. जमिनीचे थर असोत की भिंतीचे, नियम एकच. जे खाली आहे ते आधीचं, जे वर आहे ते नंतरचं. रंगाऱ्याने जुनी पट्टी जागेवर ठेवून रंग दिला, म्हणजे जुन्या लपक्यांखाली जुनाच रंग असायला हवा. आणि काल त्यांच्या नखाने प्लॅस्टर सुटलं तेव्हा खाली फिकट पिवळा होता.

याचा अर्थ, आधी रंग, मग काच. रंग ताब्यानंतरचा, तर काच त्याच्याही नंतरची. मास्तर तेव्हा जिन्याखालच्या खोलीत राहायला गेलेले होते. मास्तर सुटले.

पण ते सुटले तर कलमही सुटलं. विकणाऱ्याने लपवलं नाही, कारण त्याच्या काळात लपवण्यासारखं काही नव्हतंच. काल हाती लागलेली एकमेव दोरी मामांनी आज स्वतःच्या हाताने कापली होती.

दीड महिन्यापूर्वी किल्ली परत गेली. त्यानंतर त्या घरात तीनच माणसं होती. खाटेवरच्या सासूबाई. दुसरे जावईबापू, ज्यांच्या हातून बशीही धड धुतली जात नाही, आणि ज्यांनी स्वतः फोन करून मामांना बोलावलं. फट झाकणारा माणूस फट शोधणाऱ्याला घरी बोलावत नाही.

तिसरं माणूस ते मनात उच्चारेनात. रंगारी वरून म्हणाला, "मामा, उठा हो, तुमच्या पाठीला रंग लागतोय."

५

रोग तपासणीच्या प्रयोगशाळेत बबी सूक्ष्मदर्शकावर वाकून बसली होती. बबी म्हणजे भाची. लहानपणी मामांच्या टेपचं एक टोक धरून ती घरोघर हिंडायची, आणि मामांनी ओरडून विचारलं की आकडा तिकडून ओरडायची. ती कधी चुकली नाही.

"पाच मिनिटं, मामा," ती वर न बघता म्हणाली. "मोजतेय."

मामा उभे राहिले. टेबलावर पुठ्ठ्याच्या खोक्यात काचा होत्या, रक्ताचा थेंब पसरून बघतात त्या. बोटभर लांब, पातळ, कडेला रंग नसलेल्या. त्यांनी एक उचलली. तिचं एक टोक दुधाळ आणि खरखरीत होतं, पेशंटचा नंबर पेन्सिलीने लिहिता यावा म्हणून.

त्यांनी ती जागच्या जागी ठेवली. बबीने डोकं वर काढलं, त्यांच्या हाताकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं.

"कधी?" मामांनी विचारलं.

"सहा आठवडे झाले. झाडू काढायला कपाट उघडलं तर दोन तुकडे. तेव्हा फट दोन मिलिमीटर होती. मग दर सोमवारी मोजत गेले." तिने टेबलाचा खण उघडून एक कागद पुढे केला. आलेखाचा कागद होता तो. आडवे आठवडे, उभे मिलिमीटर. टोकदार पेन्सिलीचे नेटके ठिपके, एकामागे एक वर चढत गेलेले. "पंप सुरू झाला आणि फट हलायला लागली. शेजारी तळघरं खणतायत. आत येणारं पाणी रात्रंदिवस उपसतायत. पाणी आमच्याखालूनही जातंय, आणि जमीन बसतेय."

मामा कागदाकडे बघत राहिले. शेजारी संकुल येणार म्हणून भाव चढेल, हे वाक्य त्यांचंच होतं. जागा मोकळी आहे हे त्यांनी बघितलं होतं, तिथे काय उभं राहील हेही हिशेबात धरलं होतं. ते उभं राहण्याआधी खाली किती खणतील, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातही आला नव्हता. मोल ठरवणाऱ्याची नजर नेहमी वर जाते.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून तू काय केलं असतंस?"

"काहीतरी..."

"काय ते सांग ना. संकुलवाले म्हणतील, तुमची फट पाच वर्षांची जुनी आहे, आमच्याआधीची. तुझाच अहवाल दाखवतील. विमेवाले जमिनीचं बसणं धरत नाहीत, मी विचारून आले. मी सगळं तपासलंय, मामा. एकच वाट उरली." तिचा आवाज जराही हलला नाही. "तूच शिकवलंस ना, घर आपल्या डोळ्यांनी बघायचं नाही, आपल्यानंतर घेणाऱ्याच्या डोळ्यांनी बघायचं. मी तसंच बघितलं. त्याला काय दिसेल? काच. म्हणून काच ठीक केली."

"जावईबापूंना ठाऊक आहे?"

"त्याला ठाऊक असतं तर त्याने तुला दारासाठी बोलावलं असतं का?" ती किंचित हसली. "रंधा आणला असतास तर बरं झालं असतं."

मग तिने सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला आणि शांतपणे म्हणाली, "रविवारी घर बघायला माणसं येतायत."

६

शनिवारी चौघं बसली. बबीने नवऱ्याला सगळं सांगितलं होतं. तो खिडकीशी पाठ करून उभा होता.

"आता दोन रस्ते आहेत," बबी म्हणाली. "एक, मामा, तू लिहून दे की काच मास्तरांनी बदलली. रंगारी कागदावर काही बोलणार नाही. दोन, उद्याची माणसं घेतील आणि तू गप्प बसशील."

"तिसरा?"

"तिसरा म्हणजे खरं बोलणं. त्याने आम्ही सगळे आहोत तिथेच राहतो, फक्त बुडालेले."

"ठिपके असेच चढत राहिले तर इथे राहता येणार नाही," मामा म्हणाले. "माझ्याकडे चला. दोन खोल्या आहेत."

"किती दिवस?" जावयाने खिडकीपासूनच विचारलं. "आणि हप्ते या घराचे भरायचे, राहायचं तुमच्याकडे. असं किती वर्षं?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "मला विचाराल तर मास्तर म्हातारा आहे आणि मीही म्हातारी आहे. म्हाताऱ्यांना म्हाताऱ्यांवर सोडू नका." मग थोड्या वेळाने, "पण मला कोण विचारतंय."

मामांनी मास्तरांच्या विरोधात काहीही लिहायला नकार दिला. दुसऱ्या रस्त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. निघताना जावयाने त्यांना चप्पल पुढे सरकवून दिली, आणि त्या साध्या मानाने मामांना जास्तच अवघडल्यासारखं झालं.

७

रविवारी सकाळी जोडपं आलं. तो शहरबसचा चालक, ती शिवणकाम करणारी. सध्याची खोली महिनाअखेर सोडायची होती. हे त्यांनी बघितलेलं एकतिसावं घर. तिच्या हातात एक छापील यादी होती, घड्या पडून मऊ झालेली. मामांनी ती दुरूनच ओळखली. 'घर घेताना काय बघावं' ही त्यांचीच यादी होती. दलाल ती फुकट वाटत.

ती एकेक कलम वाचायची, तो बघून मान हलवायचा, ती खूण करायची. उजेड, पाण्याचा दाब, बाजार किती लांब, शेजारी पुढे काय होणार. शेवटी दोघं कपाटाशी आली. त्याने विजेरी लावली.

"काच शाबूत आहे," तो म्हणाला.

तिने पेन्सिल टेकवली, आणि बबीने मामांकडे बघितलं. त्या बघण्यात विनवणी नव्हती. लहानपणी टेपचं दुसरं टोक धरून आकडा विचारायची वाट बघत उभी राहायची, तशी ती बघत होती.

"ती काच जुनी नाही," मामा म्हणाले. "फट चार मिलिमीटर आहे आणि वाढतेय. घर घेऊ नका."

 पंप चालू होता. बसचालकाने विजेरी बंद करून खिशात घातली. त्याच्या बायकोने यादीची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली.

"एकतीस झाली," ती मामांना म्हणाली. "प्रत्येकात काहीतरी निघतं. आधीच्यात ओल होती, त्याच्या आधीच्यात कागद खोटे. आम्ही मग कुठलं घ्यायचं, सांगा ना. तुम्ही जाणकार दिसता."

मामांनी तोंड उघडलं. तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना शेकडो लोकांनी विचारला होता आणि प्रत्येकाला ते काहीतरी उत्तर देत आले होते. आज त्यांना एकाही इमारतीचं नाव घेता येईना.

जोडपं गेलं. बबीने पाण्याचे पेले उचलले, धुतले, पालथे घातले. जावई आईपाशी जाऊन बसला. दार उघडंच होतं, आणि जिन्यातून आवाज येत होते. खालच्या वळणावर सेक्रेटरींनी जोडप्याला गाठलं होतं.

"चौथ्या मजल्याचं मनावर घेऊ नका. त्यांच्या घरात भांडण आहे, त्या मामांना ती विक्री मोडायची होती. फट आहे ती त्यांच्या कपाटापुरती. दुसऱ्या मजल्यावर या, माझं स्वतःचं आहे, काच हाताने चाचपून बघा. आणि भावाचं आपण बोलू की, महिनाअखेर म्हणताय ना?"

बसचालक काहीतरी पुटपुटला.  मग पावलं वाजली, आणि ती खाली रस्त्याकडे न जाता दुसऱ्या मजल्यावर थांबली. किल्ली फिरली.

मामा उठले.

"किती मजले उतरणार, मामा?" बबीने विचारलं. तिच्या हातात पुसायचं फडकं होतं. "याच रांगेत सहा इमारती आहेत. सगळ्यांच्या खाली तोच पंप आहे."

 मामा कठडा धरून दोन मजले उतरले. सेक्रेटरींच्या दाराआड हलक्या आवाजात बोलणं चाललं होतं. खिडकी कुठल्या दिशेला, शिलाई मशीन कुठे बसेल. मामांनी दार वाजवलं.

आत बोलणं थांबलं. थोड्या वेळाने आवाज आला, पण तो सेक्रेटरींचा नव्हता, तिचा होता.

"उघडू नका," ती हळूच म्हणत होती. "तेच असतील."